निकालाआधीचं नाव

बक्षिसांच्या दुकानात माणूस वर्षातून एकदा येतो. येतो, घासाघीस करतो, दोन डझन मेडलं उचलतो आणि जातो, तो पुढच्या वर्षीच तोंड दाखवतो. रीत म्हणतात ती ही. पण हा मास्तर! हा दर गुरुवारी यायचा आणि एक मेडल घ्यायचा. एक! तेही सगळ्यात लहान, कोटाच्या बटणाएवढं. आणि त्या एका मेडलपायी तासभर दुकानात ठाण मांडायचा. ह्या कपाला हात लाव, त्या कपाचं झाकण उघडून आत डोकाव, जणू आत कुणी बिऱ्हाड केलंय! जाताना चकचकीत पितळेवर पाची बोटांचे ठसे ठेवून जायचा. ते पुसायचे कुणी? काकूंनी!

“वळण म्हणून काही नाही मेल्याला,” काकू फडक्यानं कप घासत पुटपुटायच्या. “मास्तर म्हणे! ह्याच्या हाताखाली शिकणाऱ्यांचं काय होत असेल कोण जाणे.”

काकू म्हणजे दुकानाच्या मालकीण. नवरा गेल्याला सतरा वर्षं झाली, तेव्हापासून गल्ल्यावर त्याच. शाळा चौथीत सुटलेली. औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, बसची पाटी लागत नसे. पण बक्षिसाचा शब्द असू दे... विनर, रनर-अप, चॅम्पियन, बेस्ट ह्याचा, बेस्ट त्याचा... तो उलटा धरला तरी त्या ओळखायच्या. कपांवरच्या हजारो पितळी पट्ट्यांवर कोरून कोरून त्या शब्दांचे चेहरे त्यांना पाठ झाले होते. अक्षरं नव्हेत, चेहरे. शेजारपाजारचे ओळखावेत तसे.

आणि त्यांचा एक नेम होता. निकालाआधी नाव कोरायचं नाही. पट्टीवर स्पर्धेचं नाव, साल, सगळं आधी तयार ठेवायचं. माणसाच्या नावाची जागा मात्र कोरी. मग स्पर्धेच्या जागी कोरायचं यंत्र घेऊन जायचं, एका कडेला टेबल टाकून बसायचं, आणि निकाल कानावर पडला की पाच मिनिटांत नाव कोरून, स्क्रू आवळून, कप पुढे करायचा. गावात दुसऱ्या कुणाला हे जमत नव्हतं. दुसऱ्यांच्या कपावर नाव चढायला आठवडा लागायचा. तोवर जिंकणाऱ्याचा आनंदही शिळा व्हायचा.

हे पाच मिनिटांचं काम आता धाकटी लेक करायची. थोरली लग्न करून लांब गेली होती. धाकटी एकोणतीस वर्षांची, हात असा की पितळ लोण्यासारखं कापावं. कोरताना जीभ किंचित दातांत धरायची, कोरून झालं की ओठांचा चंबू करून पितळेचा भुगा फुंकायची. तो सोनेरी भुगा तिच्या बाहीवर, भुवईवर, कानामागच्या बटांवर बसायचा. ती पुसायची नाही. तिला ठाऊकही नसायचं.

मास्तरला ठाऊक होतं. त्यानं ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

खरं तर त्या दिवशी तो चुकून आत शिरला होता. खोलीची चावी हरवली म्हणून चावीवाल्याला शोधत होता, आणि एक दार अलीकडेच वळला.

“चावी बनवून मिळेल का?”

“चावी नाही. कप मिळेल,” धाकटी मान वर न करता म्हणाली.

“कप मिळायला आधी जिंकावं लागतं ना?”

“ते दुसरीकडे. इथं पैसे द्यावे लागतात.”

तो हसला. मोठ्यानं, मोकळेपणी, दुकानातले सगळे कप वाजावेत असा. धाकटीनं मान वर केली... आणि भुगा फुंकायचा राहून गेला.

काकूंनी ते पाहिलं. काकू सगळंच पाहायच्या. गल्ल्यासमोर एक भला थोरला कप होता, विकत कुणी घेत नसे, शोभेला ठेवलेला. त्याच्या पोटात मागचं कामाचं टेबल अख्खं दिसायचं. माणसं जरा फुगलेली, वाकडी दिसायची, पण कोण कुणाकडे किती वेळ बघतंय हे कळायला तेवढं पुरे.

पुढच्या गुरुवारी तो परत आला. चावीसाठी नव्हे, मेडलसाठी.

“काय लिहू?” धाकटीनं विचारलं.

“लिहा... सगळ्यात जास्त प्रश्न विचारणाऱ्यास.”

“अशी स्पर्धा असते?”

“माझ्या वर्गात असते. मी संध्याकाळी एका संस्थेत इंग्रजी शिकवतो. मोठ्या माणसांना. दिवसभर राबून येतात बिचारी, तोंड उघडायला लाजतात. मग मी दर आठवड्याला एक बक्षीस ठेवतो.”

त्याच्या पुढच्या गुरुवारी ‘सगळ्यात मोठ्यानं चुकणाऱ्यास’. मग ‘न लाजता पुन्हा विचारणाऱ्यास’. एकदा तर ‘पावसातही आलेल्यास’! काकूंनी डोक्यावर हात मारून घेतला. बक्षीस पहिल्या आलेल्याला द्यायचं असतं. पाऊस काय, सगळ्यांवरच पडतो.

“मास्तर,” एके दिवशी धाकटी म्हणाली, “तुमच्या वर्गात एवढे हुशार लोक आहेत, तर एकदम डझनभर मेडलं का नाही नेत? स्वस्त पडतील.”

“पडतील की. पण मग बारा आठवडे यायचं कारण काय सांगू?”

यंत्र थांबलं. काकूंनी मोठ्या कपाच्या पोटात पाहिलं. धाकटी खाली मान घालून पट्टीवरून बोट फिरवत होती. जिथं काही कोरलेलंच नव्हतं तिथून!

“मग... कारण नका सांगू,” ती म्हणाली. “तसेच या.”

काकूंना ठसका लागला. खरा लागला नव्हता, लावून घेतला.

आणि मग तो दिवस आला, ज्या दिवशी त्यांच्या कानांनी ‘तू’ ऐकलं. तोवर सगळं ‘तुम्ही’ होतं, कितीही लाडीगोडीचं असलं तरी ‘तुम्ही’. त्या दिवशी मास्तर हळूच म्हणाला, “थांब, तुझ्या भुवईवर...” आणि पुढचं वाक्य हवेतच राहिलं. त्यानं हात उचलला, अर्ध्यात थांबवला, खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. धाकटीनं रुमाल घेतला नाही. डोळे मिटून चेहरा तेवढा पुढे केला.

काकू गल्ल्यावरच्या नाण्यांचा ढीग मुद्दाम पाडून उठल्या.

*

त्यानंतर महिन्याभरानं मास्तरनं एक भलतंच मागणं केलं. त्याच्या वर्गाला स्पर्धा आणि बक्षिसांचे इंग्रजी शब्द शिकवायचे होते. पुस्तकात चित्रं होती, पण चित्रातला कप हातात येत नाही. “वर्ग इथं आणू का काकू? एक तास. शनिवारी दुपारी.”

“दुकान आहे हे. शाळा नाही.”

“आई, शनिवारी दुपारी कुत्रंसुद्धा येत नाही,” धाकटी मागून म्हणाली.

आले. चौदा जण. एक नर्स, एक लिफ्टमन, एक कुरियरवाला, एकाच घरच्या दोन सुना, एक निवृत्त ड्रायव्हर, आणि आणखी कोण कोण. मास्तर एक कप उचलून म्हणाला, “दुसऱ्या आलेल्याला काय म्हणतात? रनर-अप. रनर-अप म्हणजे...”

“म्हणजे जो फोटोत कपाकडे बघत असतो तो,” काकू गल्ल्यावरून म्हणाल्या. त्यांना राहवेना.

वर्ग हसला. मास्तरनं खुर्ची ओढून मध्ये ठेवली. “काकू, तुम्हीच सांगा.”

काकू आधी नाही-नाही म्हणाल्या, आणि मग तासभर कुणाला बोलू दिलं नाही. कन्सोलेशन म्हणजे तुला काही मिळालं नाही हे चार लोकांत सांगायचं बक्षीस. वॉकओव्हर म्हणजे समोरचा आलाच नाही आणि तरी आपण छाती काढून चालतो ते. टाय म्हणजे आयोजकाचं दिवाळं, कारण कप एकच आणलेला असतो. पार्टिसिपेशनचं सर्टिफिकेट म्हणजे, आलात, बरं वाटलं. लिफ्टमन वहीत उतरवून घेत होता. नर्सच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं.

“एक शब्द राहिला,” मास्तर म्हणाला. बोलत वर्गाशी होता, बघत कामाच्या टेबलाकडे. “इंग्रजीत कप ‘विन’ करतात. पण माणसाला ‘विन’ करत नाहीत, ‘बीट’ करतात. हरवतात.”

“आणि एखाद्याला हरवायचं नसलं तर?” धाकटीनं विचारलं. “नुसतं... मिळवायचं असलं तर?”

“तर मग...” मास्तरचे कान लाल झाले. “तो शब्द पुढच्या धड्यात आहे.”

चौदाही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. काकूंनी ते पाहिलं आणि समजून चुकल्या की ही गोष्ट आता दुकानाबाहेर गेली.

*

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मेडल मागितलं नाही. काकूंसमोर सरळ उभा राहिला.

“काकू, मला धाकटीशी लग्न करायचंय. तिची हरकत नाही. तुमची असेल हे दोघांनाही माहीत आहे.”

निदान आडपडदा नव्हता. काकूंनी चष्मा काढून ठेवला. आत्तापर्यंत पाच स्थळं त्यांनी परत पाठवली होती. त्यांच्या घरात भिंतभर कप होते. नवरा सायकलच्या शर्यतींत एकतीस वेळा पहिला आला होता. जावई आणायचा तो कशात तरी पहिला आलेला, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

“कधी पहिला आलायस?”

“नाही.”

“शाळेत? खेळात? गाण्याबिण्यात?”

“लिंबू-चमच्यात तिसरा आलो होतो. एकदा.”

“किती जण होते?”

मास्तरनं कान खाजवला. “तिघं.”

मागून धाकटी फिस्सकन हसली. काकू हसल्या नाहीत. म्हणजे आतून हसू फुटलं होतं, पण दाबलं.

“तुमच्या संस्थेत महिनाअखेरीला बक्षीस आहे ना? वर्षातला उत्कृष्ट शिक्षक? कप माझ्याच दुकानातून जाणार आहे. त्या कपावर तुझं नाव आलं तर पुन्हा हा विषय काढ. नाही आलं, तर ह्या दुकानाची पायरी चढायची नाही.”

“आई!”

“तू गप्प बस. मी त्याला विचारतेय.”

मास्तरनं धाकटीकडे पाहिलं. मग म्हणाला, “कबूल.”

तो गेल्यावर धाकटीनं यंत्राची वायर जोरात ओढून काढली. “त्याला काय विचारायचं होतं ते विचारलंस. मला एक विचारू? बाबा पहिले यायचे तेव्हा घरात मोठा आनंद. आणि हरायचे तेव्हा? आठवतं? दार लावून बसायचे. आठ-आठ दिवस. आपण तिघी पाय न वाजवता चालायचो.”

“तुझ्या बापाबद्दल...”

“बाबांवर माझा जीव होता. पण चमचा पडला की काळजात धस्स व्हायचं, ते मी विसरले नाही.”

काकूंनी फडकं उचललं आणि स्वच्छ असलेला कप पुसायला घेतला.

*

महिनाअखेरीची संध्याकाळ. संस्थेचं सभागृह गच्च भरलेलं. इथं संध्याकाळी इंग्रजी, शिवणकाम आणि कॉम्प्युटर शिकवायचे. तिन्ही वर्गांची माणसं बायकामुलांसकट आली होती. मतं त्याच दिवशी पेटीत टाकायची आणि तिथल्या तिथं मोजायची. मंचाच्या कडेला, पडद्याला लागून, काकूंचं टेबल. त्यावर यंत्र, कप, आणि रुमालाखाली झाकलेली पट्टी.

व्यवस्थापकांनी चिठ्ठी उघडली. “ह्या वर्षीच्या उत्कृष्ट शिक्षक... आपल्या शिवणकामाच्या बाई!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिवणकामाच्या बाई अठ्ठावीस वर्षं तिथं शिकवत होत्या. अर्ध्या सभागृहाच्या अंगावरचे कपडे त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी शिवलेले. कॉम्प्युटरवाले सर दुसरे. मास्तर तिसरा. आणि इथंही तिघंच होते.

झालं, काकूंच्या मनात आलं. लागला निकाल. त्यांना वाटलं होतं बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

“कोर,” त्या म्हणाल्या.

धाकटी हलली नाही.

“अगं, कोर की! पाहुणे उठायच्या बेतात आहेत.”

धाकटीनं रुमाल बाजूला केला. पट्टी कोरी नव्हती. खालच्या ओळीत नाव होतं, आडनावासकट, इतकं रेखीव की काकूंनी इतक्या वर्षांत तसं कोरलेलं पाहिलं नव्हतं. आणि काकूंना तो चेहरा ओळखू आला. दर गुरुवारी मास्तरच्या पावतीवर तीच अक्षरं असायची.

“निकालाआधी?” त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ धरली. “निकालाआधी नाव कोरलंस?”

“माझ्यापुरता निकाल लागला होता आई.”

“जादाची पट्टी काढ.”

“तीच आहे ही.” धाकटीचा आवाज अगदी बारीक झाला. “पहिलीवर कोरताना हात हलला. त्याच्या नावात हात हललेला मला चालेना... म्हणून दुसरी घेतली.”

काकूंच्या डोळ्यांपुढे सगळं एका क्षणात उभं राहिलं. कप तसाच पुढे गेला, तर हरलेल्याचं नाव कपावर, तेही आधीच कोरलेलं! म्हणतील बक्षीस आधीच ठरलं होतं, ऐनवेळी फिरवलं. बाईंचा आनंद नासेल, मास्तरवर बोट दाखवतील, आणि दुकानाचं नाव... सतरा वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलेलं नाव.

“पट्टी उलटी कर,” त्या म्हणाल्या.

“मागच्या बाजूला पॉलिश नाही. वरची ओळ, साल, सगळंच पुन्हा कोरावं लागेल. पंधरा मिनिटं तरी...”

“मग रडत बसू नकोस. घास.”

धाकटीनं पट्टी घासायला घेतली आणि वर पाहिलं. मंचावर तिन्ही शिक्षक रांगेत उभे होते. मास्तर टेबलाकडेच बघत होता. दुसरीकडे तो कधी बघत होता म्हणा! धाकटीच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला त्याला दिसला, उघडा कप दिसला, काकूंचे भराभर चालणारे हात दिसले. काय झालंय हे त्याला कळणं शक्य नव्हतं. पण वेळ हवाय एवढं कळलं.

व्यवस्थापक म्हणत होते, “आता पाहुण्यांच्या हस्ते...”

“साहेब, एक मिनिट!” मास्तरनं माइक ओढून घेतला. “हरलेल्याला दोन शब्द बोलायची सोय आहे का? बाई, तुमची परवानगी?”

बाईंनी हसून मान हलवली.

“माझ्या वर्गाचा एक धडा अर्धा राहिलाय,” तो म्हणाला. “तुम्ही सगळे साक्षीला आहात, तर आत्ताच घेतो. वर्ग! शिवणकामाच्या बाई कोण?”

सभागृहाच्या मधून चौदा आवाज आले, “विनर!”

“ऐकू आलं नाही. बाईंनी शिवलेला सदरा घालून आलाय ना लिफ्टमनदादा? मग जोरात!”

“विनर!” आता निम्मं सभागृह ओरडलं.

“कॉम्प्युटरवाले सर कोण?”

“रनर-अप!”

“आणि फोटोत ते कुठं बघणार?”

“कपाकडे!”

हशा उसळला. कॉम्प्युटरवाले सरसुद्धा पोट धरून हसले. पडद्याकडेला काकूंनी यंत्र बाजूला सारलं आणि पेटीच्या तळातून जुनी हाताची कोरणी काढली. यंत्राची त्यांना कधी सवयच झाली नव्हती. धाकटी अजून पट्टी घासतच होती.

“सरक,” काकू म्हणाल्या. “वरची ओळ मी घेते. ती मला डोळे मिटून येते.”

सहा वर्षांनी कोरणी हातात धरली होती. बोटांची हाडं कुरकुरली. पण ‘बेस्ट’चा चेहरा त्या विसरल्या नव्हत्या. पितळेची बारीक सळसळ होत राहिली, आणि पाठीमागून मास्तरचा आवाज येत राहिला.

“आता अवघड प्रश्न. मी कोण?”

सभागृह घोटाळलं. मग नर्सबाई हळूच म्हणाल्या, “कन्सोलेशन?”

“कन्सोलेशनला काहीतरी मिळतं हो! मला काय मिळालं?”

“टाळ्या!” कुणीतरी ओरडलं.

आणि टाळ्या पडल्या. बाईंच्या वेळी पडल्या होत्या तेवढ्याच. तो वाकला, पुन्हा वाकला, लिंबू-चमच्याची शर्यत रंगवून सांगितली, त्यात लिंबू कुठं घरंगळत गेलं ते मंचभर चालून दाखवलं. पाहुणे पुन्हा खुर्चीत बसले आणि डोळे पुसू लागले.

काकूंनी साल संपवलं, कोरणी खाली ठेवली आणि मान वर केली. सभागृहाला मास्तरचं तोंड दिसत होतं. त्यांना कडेनं पाठ दिसत होती. पाठीमागे धरलेला त्याचा एक हात... त्याची बोटं एकमेकांत अशी पिळली होती की पेरं पांढरी पडली होती. समोर हसत होता. मागे त्या हाताला सगळं ठाऊक होतं, की उद्यापासून पायरी चढायची नाही.

काकू त्या हाताकडे बघत राहिल्या. असा हरलेला माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

“आई,” धाकटी म्हणाली. “नाव मी घेते. आता हात हलणार नाही.”

तिनं शिवणकामाच्या बाईंचं नाव कोरलं. सरळ, शांत, एकेक अक्षर. फुंकर मारली, स्क्रू आवळले. काकूंनी कप स्वतः उचलून मंचावर नेला. आजवर कधी नेला नव्हता. तो मान पाहुण्यांचा. जाता जाता मास्तरजवळ क्षणभर थांबल्या.

“पुरे आता,” त्या पुटपुटल्या. “झालंय.”

मास्तरनं माइक खाली ठेवला. पाठीमागची बोटं सुटली.

*

लोक पांगले. लिफ्टमन खुर्च्या रचत होता. मागच्या दारापाशी काकू गाडीची वाट बघत उभ्या होत्या. यंत्राची जड पेटी उचलून मास्तर आला. त्यानं ती अलगद पायरीवर ठेवली.

“येतो काकू,” तो म्हणाला. “ठरलं होतं तसं. दुकानात येणार नाही.”

मग धाकटीकडे वळला.

“काय झालं होतं?” त्यानं विचारलं. “पट्टी पडली का?”

“नाही.” धाकटीनं खालचा ओठ दातांत धरला. “नाव चुकीचं होतं. म्हणजे... चुकीचं नव्हतं. तुझं होतं. मी आधीच कोरलं होतं.”

“माझं?”

“मागच्या बाजूला आहे अजून. स्क्रूनं आवळलंय.”

मास्तर तिच्याकडे बघत राहिला. डोळे भरून आले, आणि त्याच वेळी हसूही फुटलं. “म्हणजे जन्मभर मी शिवणकामाच्या बाईंच्या कपाटात पालथा पडून राहणार?”

“पालथा पड नाहीतर उताणा,” धाकटी आता रडत होती आणि हसत होती. “मी तुला ‘विन’ करायला गेले नव्हते. मला फक्त तू पाहिजे होतास. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते तू अजून शिकवलं नाहीस.”

“मला पण येत नाही ते,” तो म्हणाला. “मराठीत चालेल? मला तू हवीस. रोज. नुसत्या गुरुवारी नाही, उरलेले सहाही दिवस.”

धाकटी डोळे पुसून आईकडे वळली. “कपावर नाव आलं तर, असं म्हणाली होतीस. आलंय. मागून का असेना.”

“असला हिशेब मला सांगू नकोस,” काकू कडाडल्या. “मागचं-पुढचं मी मोजत नाही. हरलाय तो. स्वच्छ हरलाय. तिघांत तिसरा!”

मास्तरनं मान खाली घातली. गाडी येऊन थांबली. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. काकू पायरी उतरल्या, दोन पावलं गेल्या आणि माघारी वळल्या. चष्मा नाकावर नीट बसवला आणि मास्तरला पायापासून डोक्यापर्यंत असं न्याहाळलं, की जणू आजच पहिल्यांदा दुकानात शिरलाय.

“आणि तू, खाली काय बघतोस? वर बघ, मी बोलतेय. शब्द फिरवणारी बाई मी नव्हे, आज फिरवतेय, तेव्हा एकदाच ऐकून घे. हरल्यावर दुसऱ्याच्या घरची अब्रू झाकायला उभा राहतो, तो माणूस मला पहिल्या नंबरापेक्षा बरा. पण मुलगी मी कुणाला देत नाही. दुकान तिच्या हातावर चालतं, आणि माझं घरही. तेव्हा तूच ये राहायला. सामान घेऊन ये, आणि ती पेटी गाडीत ठेव आधी, जावईबापू, कंबर धरलीय माझी!”